वाड्यांच्या कृष्णधवल फोटोंवर हाताने रंग कसे द्यावेत?

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या इंकजेट प्रिंटवर तुम्ही जलरंग लावलेत आणि शाई पसरली, असं म्हणताय. शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असणार, ती पाण्यात फुटतेच. पिगमेंट शाईची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईची प्रिंट मागा, तीही मॅट कागदावर. चकचकीत कागद रंग धरत नाही. पाणी टाळायचं असेल तर रंगीत पेन्सिली बऱ्या.

पण नागपूरचं ऊन फुकट मिळत असताना सायनोटाइप, म्हणजे उन्हात उमटणारी निळी फोटोप्रिंट, का करत नाही? जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलेली पद्धत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड वेगवेगळं विरघळवायचं, मग समभाग मिसळून मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात जलरंगाच्या कागदावर ब्रशने लावायचं. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकघरातली नकोत. वाळल्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह ठेवा, वर काच, आणि चला गच्चीवर. निगेटिव्ह जेवढी, प्रिंट तेवढीच. हिरवट-पिवळा लेप डोळ्यांदेखत निळा, मग राखाडी पडत जातो. मे महिन्यात नजर हटवू नका, काही मिनिटांचाच खेळ असतो. नंतर पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा.

निळा रंग भडक वाटला तर प्रिंट कडक काळ्या चहात बुडवा, काळपट होतो. पांढरे भागही थोडे मळकट होतात, पण वाड्याच्या भिंतींना ते शोभतं. पूर्ण वाळल्यावर जलरंग बिनधास्त लावा. फक्त सगळं चित्र रंगवू नका. दाराची एक चौकट किंवा तुळशीवृंदावन पुरे.

पावसाळ्यात लेप दिलेला कागद साठवू नका, दमटपणाने खराब होतो.