श्वासाने आणि ध्यानाने शरीराचं तापमान खरंच वाढवता येतं का?

हो, पण ‘तापमान’ कुठलं ते आधी पाहा. तिबेटी बौद्ध परंपरेत ‘तुम्मो’ नावाची अंगात ऊब आणणारी साधना आहे, संस्कृतात चंडाली. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी हिमाचलातल्या धरमशाला गावाजवळच्या, ती करणाऱ्या तीन भिक्षूंची मापं घेतली. त्यांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान जास्तीत जास्त ८.३ अंश सेल्सिअसने चढलं (१९८२). बोटं गरम होणं म्हणजे ताप चढणं नव्हे. तिकडचा रक्तपुरवठा वाढला तरी हे होतं.

शरीराच्या आतलं तापमान मापलं संशोधक मारिया कोझेव्हनिकोव्ह यांच्या चमूने. २०१३च्या त्यांच्या अभ्यासात ते ३८.३ अंशांपर्यंत गेलं, म्हणजे आपल्या घरच्या थर्मामीटरवर जवळपास १०१ फॅरनहाइट!

युक्ती अशी: खोल श्वास घ्यायचा, तो रोखून ओटीपोट मडक्यासारखं फुगवायचं, पोटाचे नि ओटीपोटाचे स्नायू आवळायचे. हा कुंभकच. स्नायू राबले की उष्णता होणारच, त्यात गूढ काही नाही. सोबत नाभीखाली ज्वाळा कल्पायची. तिच्यामुळे चढलेली ऊब जास्त वेळ टिकते, असं कोझेव्हनिकोव्ह यांच्या चमूला दिसलं.

रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास कोंडण्याच्या फंदात पडू नका. नुसती थंडी वाजत असेल तर स्वेटर घाला की राव!