माइक नंतर घे, आधी कपाट उघड

प्रिय मित्रा,

कॉलेजचं पहिलं वर्ष, साउंड रेकॉर्डिंगमध्येच करिअर करायचं असा हट्ट, साठवलेल्या पैशांतून कंडेन्सर माइक घ्यायचा बेत, आणि वर 'गेन, क्लिपिंग, कार्डिऑइड, फँटम पॉवर वाचून डोकं गरगरतं' ही कबुली. तुझं पत्र एवढंच, पण प्रामाणिक आहे. शब्दांचं बघू. माइक मात्र इतक्यात घेऊ नकोस.

आधी माइकचे प्रकार बघ. डायनॅमिक माइकमध्ये आवाजाने पडदा हलतो, त्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ मागेपुढे होतं आणि त्यातूनच वीज तयार होते. गडी दणकट, स्टेजवर गायकाच्या हातात बहुधा हाच असतो. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे धातूची चकती असते. दोघांतलं अंतर बदललं की सिग्नल बदलतो. स्टुडिओतल्या अशा माइकला केबलमधूनच 48 व्होल्ट पुरवतात, त्याला म्हणायचं फँटम पॉवर. रिबन हा तिसरा प्रकार नाजूक असतो, तो तूर्त विसर.

कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो आणि नवशिका नेमका इथेच फसतो. पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, उघड्या भिंतींवर आपटून परत आलेला तुझाच आवाज, यातलं काहीच तो सोडत नाही. पूर्वी मी काही वर्षं डबिंगमध्ये सहायक होतो. भारी माइक लावून रिकाम्या खोलीत केलेली रेकॉर्डिंग्ज आम्ही कितीदा पुन्हा केली असतील, मोजदाद नाही.

म्हणून आधी हे कर. तुझ्या फोनमध्ये कंडेन्सरच्याच कुळातला चिमुकला माइक आहे. एकच परिच्छेद दोनदा वाच: एकदा खोलीच्या मधोमध उभं राहून, एकदा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून. मग हेडफोन लावून ऐक. आता तळहात तोंडासमोर धरून 'फुलपाखरू' म्हण. 'फ' आणि 'ख'ला हातावर बसतो तो हवेचा झोत माइकच्या पडद्यावरही बसतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकसमोर लावायची जाळी, त्यासाठीच असतो, पण फोन तोंडाच्या जरा बाजूला धरलास तरी बरंच काम होतं.

आता गेन. व्हॉल्यूम म्हणजे तुला किती मोठं ऐकू येतं ते, गेन म्हणजे माइककडून आलेला सिग्नल आत घेताना किती वाढवायचा ते. गेन जास्त झाला की लाटेचा माथा सपाट कापला जातो. हेच क्लिपिंग. नंतर आवाज कमी केलास तरी कापलेला माथा परत येत नाही. डिजिटलमध्ये छप्पर शून्य डेसिबलला असतं, तेव्हा बोलण्याची सर्वांत मोठी उसळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेव. (फोन गेन स्वतःच वरखाली करतो, त्यामुळे हे शिकायला हाताने गेन ठरवू देणारं अॅप शोध.)

कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त, पाठीमागचं सर्वांत कमी ऐकणारा. पंखा बंद करता येत नसेल तर माइकची पाठ पंख्याकडे. अशा माइकच्या फार जवळ गेलास की खर्ज फुगतो, निवेदकांच्या भारदस्त आवाजामागे बऱ्याचदा हीच युक्ती असते. सॅम्पल रेट म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने टिपायचे ते. त्याचं इतकंच लक्षात ठेव: सीडीला सेकंदाला 44,100 नमुने, व्हिडिओला 48,000.

करिअरचं म्हणशील तर डबिंग, शूटिंगवरचा लोकेशन साउंड, लाइव्ह कार्यक्रम आणि मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) ही चार वेगळी कामं आहेत, त्यांचे स्वभावही वेगळे. लोकेशनवाल्याला तासन्‌तास बूम, म्हणजे टोकाला माइक लावलेला लांब दांडा, डोक्यावर धरावा लागतो, मिक्सिंगवाला दिवसभर खुर्ची सोडत नाही. तुला कुठलं झेपेल ते पत्रावरून मला कळणार नाही. कपाटासमोरचं आणि खोलीतलं, दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठव आणि तुला त्यांत काय फरक ऐकू आला ते चार ओळींत लिही. माइकचं त्यानंतर बोलू.