आई चोरून ऑनलाइन मागवते, काय करू?

मी समुपदेशक आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या मुलामुलींकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. आईवडील दिवसभर मोबाइलवर काहीबाही मागवत असतात, घरात खोकी साठली आहेत, याला व्यसन म्हणायचं का? उत्तर घरागणिक वेगळं निघतं. त्यातल्या एका घराची हकिगत सांगते. मायलेकींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी ऐरोलीला राहते, बँकेत अधिकारी आहे. आई डोंबिवलीत, जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वडील गेल्यावर "मी माझ्या घरातच बरी" असं आईने ठणकावून सांगितलं. गुडघे धरलेले, जिना म्हणजे शिक्षा. म्हणून मुलीने एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं अ‍ॅप आईच्या फोनवर टाकून दिलं. अकाउंट मुलीच्या नावावर, पत्ता आईचा, पैसे मुलीच्या कार्डावरून. कणकेपासून फिनेलपर्यंत सगळं दारात यायला लागलं. दोन-अडीच वर्षं हे छान चाललं.

"मग एकदा मी तिथे असताना पार्सल आलं," मुलगी सांगत होती. "मला मेसेज नाही, काही नाही. आईने दार अर्धवट उघडून रोख पैसे दिले आणि खोकं तसंच आतल्या खोलीत नेलं. विचारलं तर म्हणाली, शेजारच्यांचं आहे. मॅडम, आई माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही हो."

पुढच्या खेपेला दिवाणाच्या खणात तिला घडी करून ठेवलेली रिकामी खोकी सापडली. त्यांच्यावर आईचंच नाव होतं. म्हणजे आईचं दुसरं अकाउंट होतं. तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी सासऱ्यांनी असंच करत करत बरीच पुंजी उडवली होती, ते तिच्या डोक्यात घोळत होतं.

खरेदीची अनावर ओढ ही काही मोबाइलने जन्माला घातलेली गोष्ट नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिचं वर्णन करून ठेवलं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या सूचीत तिला अजून स्वतंत्र आजाराची जागा नाही, पण असे लोक आमच्याकडे येतात आणि त्यांचे हाल खरे असतात. त्यांच्या घरात न उघडलेली पाकिटं असतात, कारण ओढ वस्तूची नसते, मागवण्याच्या क्षणाची असते. कार्डाचं बिल थकलेलं असतं, एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून जातो. थांबायचं ठरवून थांबता येत नाही. लपवाछपवी असतेच, पण नुसत्या लपवाछपवीवरून काही ठरत नाही. माणसं इतरही कारणांनी लपवतात.

मुलीला मी तेच विचारलं. पेन्शन महिनाअखेरीस पुरते का? लाइटबिल, सोसायटीचे पैसे थकलेत? आईने कुणाकडे उसने मागितले? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला खोकी दिसली होती, आत काय होतं ते दिसलं नव्हतं. आईला जिना उतरायला लावण्यापेक्षा मीच त्यांच्या घरी जाते, पण बोलताना तुम्ही तिथे नको, एवढी एक अट मी घातली.

काकूंनी चहा केला आणि आपण होऊनच विषय काढला. "तिला वाटतं मला वेड लागलंय, हो ना?"

वेड कशाचं, ते मी विचारलं. त्यावर त्या जे बोलल्या ते मला अनपेक्षित होतं. "चाळीस वर्षं पिशवी ह्यांनी आणली. मी यादी लिहायची, त्यातलं निम्मं बदलून यायचं. तूरडाळ कुठली, साबण कुठला, माझ्या साडीचा फॉलसुद्धा हेच आणायचे. वाईट नव्हते हो, सवयच तशी. आता मी दुपारी निवांत बसते, दहा साबण बघते, नऊ काढून टाकते. मागे कुणी उभं नसतं."

परत करण्याचंही त्यांनी सांगितलं. एक गाऊन घट्ट झाला, तर माणूस येऊन घेऊन गेला आणि पैसे परत आले. दुकानात काय होतं? तो चार गिऱ्हाइकांसमोर घडी उलगडून बघतो आणि विचारतो, काकू, घालून पाहिला होता का? "मान खाली घालून परत घरी आणायचा आणि मोलकरणीला द्यायचा. असे किती दिलेत मी."

ऑनलाइन दुकानावर टीका करताना ही बाजू आपण फार लवकर सोडून देतो. गल्लीतल्या वाण्याबद्दल आपल्याला जिव्हाळा असतो, पण त्याच्या दुकानात काय मागायचं, किती मागायचं, कुणासमोर मागायचं याचं दडपण बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. ते दडपण एका यंत्राने उतरवलं, हे मान्य करायला हरकत नसावी.

दुसऱ्या अकाउंटचा विषय मी काढला नव्हता. बऱ्याच वेळाने काकू उठल्या, कपाट उघडलं आणि साड्यांच्या मागचं एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मोठ्यांचे डायपर होते.

खोकला आला, हसू आलं, जड काही उचललं की लघवी सुटायची. सुरुवातीला थेंबभर, पुढे जास्त. खालचं मेडिकल इमारतीतल्याच मुलाचं. "त्याला मी पाढे शिकवलेत, त्याच्याकडे हे कसं मागू? आणि पोरीच्या अकाउंटवरून मागवलं तर तिच्या मोबाइलवर नावासकट दिसणार." समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलीने दुसरं अकाउंट उघडून दिलं. पैसे पार्सल आल्यावर रोख. आत काय आहे हे पोचवणाऱ्यालाही कळत नाही. व्यसन म्हणून मुलगी ज्याच्या मागावर होती ते हे.

इथे प्रश्न संपला असं कुणाला वाटेल. मला मात्र खरी काळजी इथून वाटायला लागली. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं? नाही. कधीपासून आहे? दोन वर्षं तरी झाली असतील. म्हणजे दोन वर्षं त्या एक तक्रार पाकिटांवर ढकलत होत्या. आधी पातळ पॅड, मग जाड, मग हे. प्रत्येक वेळी अ‍ॅपने पुढचं पाकीट आपण होऊन दाखवलं: हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं. आता त्या पाणीच कमी पीत होत्या. भजनी मंडळ सुटलं होतं. पुतण्याच्या लग्नाला गेल्या नाहीत, कारण बसचा तीन तासांचा प्रवास. घरच्यांनी सगळ्याचं खापर गुडघ्यांवर फोडलं होतं आणि काकूंनी ते फुटू दिलं होतं.

मेडिकलवाल्या मुलासमोर लाज वाटली असती, हे खरं. पण दुसऱ्या-तिसऱ्या पाकिटाला तो किंवा त्याची बायको म्हणाली असती, "काकू, एकदा डॉक्टरांना दाखवा ना." ऑनलाइन दुकान असं म्हणत नाही. कुणाला न विचारता मिळतं म्हणून काकूंना ते हवंसं वाटलं, आणि कुणी विचारलं नाही म्हणूनच दुखणं दोन वर्षं मुरलं. फायदा एका खात्यात आणि तोटा दुसऱ्या खात्यात असा हिशेब मला इथे मांडता येईना.

काकूंना मात्र त्यातली गंमत दिसत होती. पॅड घेतल्यापासून त्यांच्या स्क्रीनवर काठ्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या यायला लागल्या होत्या. "पोरीच्या आधी ह्याला कळलं, मी म्हातारी झाले ते!"

लपवण्याची किंमत त्यांनी आणखी एका ठिकाणी मोजली होती. एकदा नाव-पत्ता बरोबर असलेलं पार्सल आलं. पोचवणारा घाईत होता. त्यांनी सातशे नव्व्याण्णव रुपये दिले, आत जुनं कापड निघालं. त्यांनी काही मागवलंच नव्हतं. रोख पैसे घ्यायचे आणि रद्दी गळ्यात मारायची, ही फसवणूक आता जुनी झाली आहे. मुलीच्या अकाउंटवर असतं तर त्यांनी लगेच तिला फोन केला असता. इथे फोन करायचा म्हणजे कपाट उघडायचं. त्या गप्प बसल्या.

"तुम्हीच सांगा तिला," काकू म्हणाल्या. मी नाही म्हटलं. अशा वेळी समुपदेशकाने निरोप्या होऊ नये, असं माझं मत आहे. माझ्यामार्फत गेलं असतं तर मुलगी आईकडे रुग्ण म्हणून बघायला लागली असती. मी शेजारी बसेन, सांगायचं तुम्ही, असं ठरलं.

त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. मुलीला रडू आलं, मग राग आला. "मला सांगितलं का नाहीस? मी परकी आहे का?"

"तू प्रत्येक पार्सलाचं विचारतेस," आई म्हणाली. "तूप एवढं कशाला, डबे परत कशाला, हा रंग कशाला."

मुलगी थबकली. तिच्या मते ती काळजी घेत होती. दर ऑर्डरीचा मेसेज आला की ती ऑफिसातून फोन करायची आणि पैसे तिचे असल्याने त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. आईच्या लेखी मात्र पिशवी पुन्हा दुसऱ्याच्याच हातात गेली होती.

पुढचं फार गुंतागुंतीचं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी लघवी आणि साखर तपासली, तपासणीनंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. ते नीट जमावेत म्हणून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पाणी तोडू नका, असं बजावलं. दाट लघवीने मूत्राशयाचा दाह वाढतो. बाळंतपणं झालेल्या आणि पाळी गेलेल्या कितीतरी बायकांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणी तो वयाचा भाग म्हणून सोडून देतात. काकूंचा पूर्ण गेलेला नाही. पण डायपरवरून त्या परत पातळ पॅडवर आल्या आहेत आणि भजनाला जातात.

घरच्या व्यवस्थेत तीन बदल झाले. किराण्याचं अकाउंट काकूंच्या नावावर झालं. पैसे त्यांच्या पेन्शनमधून, पण मुख्य खात्यातून नाहीत. बँकेत एक वेगळं छोटं खातं काढून त्यात महिन्याची रक्कम टाकायची आणि यूपीआय फक्त त्याला जोडायचं. काही चुकलंच तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. "फक्त दोनच उरले", "दहा मिनिटांत ऑफर संपेल" असं दिसलं की फोन पालथा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहे, पण सूचना आल्या म्हणून स्क्रीनवरची घाई थांबलेली नाही. रोखीचं पार्सल आलं की आधी अ‍ॅपमध्ये आपली ऑर्डर बघायची, नसेल तर दार लावायचं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आणि सायबर फसवणुकीसाठी 1930, हे दोन नंबर मुलीने फ्रिजवर लावले. दुकानाचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, अ‍ॅपमधूनच बोलायचं. 2020 च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाल. हे काकूंनी वहीत लिहून घेतलं, कारण त्यांना भांडायला आवडतं, हे एव्हाना मला कळलं होतं.

तिसरा बदल मी आग्रहाने करायला लावला. मधे एकदा काकूंचा फोन बिघडला होता. चार दिवस त्यांनी घरात होतं त्यावर भागवलं. शेजारी मागायला संकोच, आणि इतकी वर्षं त्या इमारतीत राहून एकाही दुकानाचा नंबर त्यांना पाठ नव्हता, कुठे लिहिलेलाही नव्हता. एकाच वाटेने सगळं यायला लागलं की असं होतं. अ‍ॅप बंद पडलं, अकाउंट अडकलं, ओटीपी आला नाही, तर दुसरी वाट उरलेली नसते. म्हणून दूध, भाजी आणि महिन्याचं थोडं वाणसामान खालच्या वाण्याकडून फोनवर मागवायचं ठरलं. वाणी काही संत नाही. तो दोन रुपये जास्त लावतो आणि मुदत संपत आलेली बिस्किटं खपवायला बघतो. पण त्याचा पोऱ्या चार मजले चढून येतो, आणि आठवडाभर फोन आला नाही तर वाणी विचारेल. काकूंनी कुरकुर करत मान्य केलं. तूरडाळ मात्र ऑनलाइनच येते, त्याच्याकडची शिजत नाही म्हणतात.

ज्यांच्या घरी खरोखरच न उघडलेली खोकी आणि थकलेले हप्ते आहेत, त्यांनी हे उदाहरण स्वतःला लावू नये. तिथे अ‍ॅप काढून टाकणं, कार्ड काही काळ दुसऱ्याकडे देणं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटणं, असं सगळं लागतं. इतरांनी आईवडिलांना खर्चाचा आकडा विचारण्याआधी, कुठली वस्तू दुकानात जाऊन मागायला नको वाटते, ते विचारून बघावं. उत्तर लगेच येत नाही. मुलाने आईला विचारण्यापेक्षा सुनेने किंवा मुलीने विचारलं तर लवकर येतं, वडिलांच्या बाबतीत उलट.

काकूंचं दुसरं अकाउंट अजून चालू आहे. मुलीला त्याचा पासवर्ड माहीत नाही आणि तिने तो मागितलेलाही नाही.