फणसाडला पहिल्यांदा जाताना

वाघच बघायचा असेल तर ताडोब्याला जा. फणसाडला ती आस धरून येऊ नकोस. मुरूडजवळचं हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ साली अभयारण्य झालं. इथे गाडीपेक्षा पायांना काम जास्त. सुपेगावाहून उजाडता उजाडता आत शिर आणि गावातला वाटाड्या घेच.

तुला खरं शोधायचंय ते शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार. ते आधी कानाला सापडतं, मग डोळ्याला. वर कुठेतरी खडखडल्यासारखी तुटक हाक आली की जागच्या जागी थांब. झाडांच्या शेंड्याकडे पाल्या-काटक्यांचे गोळे दिसतील, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, म्हणून पहिल्याच गोळ्याखाली ठाण मांडू नकोस. ताजा पाला असलेला बघ. उन्हं चढली की ते फांदीवर अंग पसरून पडतं, मग खालून कितीही फेऱ्या मार, दिसायचं नाही. पहाटेचा आग्रह त्यासाठीच.

पाणवठ्याला इथे गाण म्हणतात. एप्रिल-मेमध्ये गाणीजवळ दोन तास न बोलता बसलास तर भेकर, सांबर येण्याची आशा धर. अत्तर, भडक शर्ट, मोबाइलवरची गाणी घरीच ठेव. गारंबी नावाच्या मोठ्या वेलीची कमरेएवढी शेंग खाली पडलेली दिसेल. हात फिरव, फोटो काढ, पण पिशवीत घालू नकोस. मला त्या शेंगांचं फार अप्रूप आहे, पण एकही घरी आणलेली नाही.