८१ गुणांची धास्ती

अतिदक्षता विभागातील एक परिचारिका काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रुग्णालयाने कर्मचाऱ्यांकडून मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणारा शीण (बर्नआउट) मोजणारी प्रश्नावली, भरून घेतली होती. आपल्या उत्तरांची बेरीज ८१ भरल्याने आपण आजारी आहोत, कदाचित कामाला अपात्रही ठरू, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

मुळात ही बेरीज करायचीच नसते. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या प्रश्नावलीत २२ विधाने असून प्रत्येक अनुभव किती वेळा येतो हे ० (कधीच नाही) ते ६ (रोज) या गुणांनी सांगायचे असते. भावनिक थकवा, रुग्णांविषयीचा कोरडेपणा आणि कामातील कर्तृत्वाची जाणीव यांचे गुण मात्र वेगवेगळे वाचावे लागतात, कारण तिसऱ्या भागात जितके गुण जास्त तितके चांगले. बाईंचा थकवा ३४, कोरडेपणा ८ आणि कर्तृत्व ३९ होते. म्हणजे जमेची बाजूच त्यांनी आजाराच्या खात्यात मांडली होती. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात (आयसीडी-११) बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे.

थकव्याचे ३४ गुण मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. २७ व त्यापुढील गुण 'जास्त' मानण्याची जुनी रीत निदानावर आधारलेली नव्हती आणि २०१६ च्या आवृत्तीतून ती वगळली गेली. म्हणून मी आकडा सोडून '६' लिहिलेली विधाने पाहिली. सकाळी उठून पुन्हा कामाला सामोरे जायचे, या विचाराने येणाऱ्या थकव्याचे विधान त्यांत होते.

"मी दगड झालेय, मॅडम. पेशंटला सात नंबर म्हणते," त्या म्हणाल्या. सात नंबरवर कोण आहे, असे विचारताच त्यांनी नाव सांगितले, शिवाय त्या रुग्णाची मुलगी संध्याकाळी सहाला येते आणि तिच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही, हेही सांगितले. दगड असे बोलत नाहीत.

नैराश्याची चाचपणी मी स्वतंत्रपणे केली, कारण ही प्रश्नावली ते मोजत नाही. सुट्टीत त्यांना मोकळे वाटत होते, भूकही लागत होती. नावानिशी उत्तरे कोण पाहणार, हे त्यांनी रुग्णालयाला लेखी विचारावे, असे सुचवले. पाळ्यांबाबतचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. मेट्रननी सलग रात्रपाळ्या कमी केल्या. अपुऱ्या मनुष्यबळाचा प्रश्न मात्र तसाच आहे आणि तो माझ्या खोलीत बसून सुटणारा नाही.