‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणजे ‘जंतू नाहीत’ का?

प्रश्न : व्हिपल रोगावरच्या मराठी मजकुरात ‘कल्चर निगेटिव्ह’साठी ‘जंतू आढळले नाहीत’ असं लिहिलं आहे. हे बरोबर आहे का? आणि कल्चरला ‘संवर्धन’ म्हणावं का?

कल्चर म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जंतू पोषक माध्यमात वाढवून पाहणं. त्याला ‘संवर्धन’ खुशाल म्हणा, परिभाषेत रुळलेला शब्द आहे. प्रयोगशाळेत तोंडी मात्र ‘कल्चर लावलं’, ‘ग्रोथ आली नाही’ असंच चालतं. खटकतं ते ‘जंतू आढळले नाहीत’. ठरावीक माध्यमात, ठरावीक मुदतीत वाढ झाली की नाही, एवढंच कल्चर सांगतं. तेव्हा ‘वाढ झाली नाही’ असं लिहावं.

व्हिपल रोगात तर हा फरक फारच मोठा. मुख्यतः लहान आतड्याचा हा दुर्मीळ आजार जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये नोंदवला. त्याचा जंतू ट्रोफेरिमा व्हिपलाय पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवणं जमल्याचं २००० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी जाहीर केलं, तेही आतड्याच्या नव्हे, हृदयाच्या झडपेच्या नमुन्यातून. नेहमीच्या अगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या बशीत) हा येतच नाही. मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींच्या जिवंत थरावर तो वाढवला, तेव्हा एकाचे दोन व्हायला सुमारे १८ दिवस लागत होते. (आतड्यात नेहमी आढळणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल माध्यमात हे २० मिनिटांत उरकतो.) नेहमीचं कल्चर काही दिवसांतच बंद होतं, तोवर याची एक दुप्पटही झालेली नसते.

२००३ मध्ये जनुकसंच वाचल्यावर कारण कळलं : बरीच अमिनो आम्लं त्याला स्वतः बनवता येत नाहीत. ती पुरवणारं, १० टक्के गर्भस्थ वासराचा सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलेलं माध्यम दिलं, तेव्हा तो पेशींशिवायही वाढला, आणि दुप्पट होण्याचा काळ दिवसाच्या आसपास आला.

तरी नमुना चुकला की सगळं फसतं. फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावात) टाकलेला तुकडा पीएएस रंजनाला, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चालतो, कल्चरला नाही, कारण जंतू मेलेले असतात. आतड्याच्या तुकड्यात इतर जंतूही असतात आणि ते भराभर वाढून याला गाडून टाकतात. आधी अँटिबायोटिक दिलेलं असलं तरी वाढ हुकते. म्हणूनच निदानाची भिस्त पीएएस आणि पीसीआरवर (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीवर) असते. असं कल्चर मोजक्याच संशोधन प्रयोगशाळांत होतं.

तुमचं वाक्य असं करता येईल : ‘नेहमीच्या संवर्धनात वाढ झाली नाही, त्यावरून व्हिपल रोग नाही असं म्हणता येत नाही.’