मुलीला एआय शिकू द्या, पण बी.कॉम. सोडून नाही

प्रश्न : आमचं इंदूरला रामबागेत छोटं नाश्त्याचं दुकान आहे. पोहे, साबुदाणा खिचडी, दिवाळीला फराळ. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एआयच्या मदतीने छोट्या दुकानांचा साठा सांभाळायचा, माल वेळेवर मागवायचा, यातच करिअर करायचं म्हणते. त्यासाठी कॉलेज सोडून दीड लाखाचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा हट्ट धरला आहे. काय करावं? – एक आई

ताई, मुलीने चांगलं काम निवडलं आहे. कॉलेज सोडायला मात्र माझा स्पष्ट नकार आहे.

या कामाचं मूळ गणित शाळेतलंच आहे. समजा रोज 12 किलो पोहे लागतात, सियागंजच्या घाऊक बाजारातून माल यायला दोन दिवस जातात आणि अडीअडचणीला 6 किलो हाताशी हवेत. म्हणजे 30 किलो उरले की ऑर्डर द्यायची. एवढ्याला एक्सेल पुरतं. एआय लागतं ते हा 12चा आकडा रोज बदलतो म्हणून. रविवारी वेगळा, झडीच्या पावसात वेगळा, एकादशीला पोहे कमी आणि साबुदाणा जास्त.

आणि एकादशी काय, सण काय, इंग्रजी तारखेने येत नाहीत. 2024 मध्ये रंगपंचमी 30 मार्चला होती, 2025 मध्ये 19 मार्चला. राजवाड्यावर गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते त्या दिवसाचा अंदाज गेल्या वर्षीच्या तारखेवरून काढला, तर माल कमी तरी पडेल किंवा उरेल तरी. नोंदींमध्ये तिथीचा रकाना घालायला हवा, हे तुमच्या मुलीला सहज सुचेल. ती याच दुकानात वाढली आहे, आणि या क्षेत्रात तिची खरी जमेची बाजू हीच आहे.

आणखी एक गोष्ट तिला आजच सांगा. खिचडी साडेदहाला संपली आणि 60 प्लेट गेल्या, तर हिशेबात 60 दिसतात. त्यानंतर परत गेलेली गिऱ्हाइकं कुठेच दिसत नाहीत. संगणक मागणी 60च धरतो, पुढच्या वेळीही तेवढ्याचाच साबुदाणा मागवायला सांगतो, आणि खिचडी कायम साडेदहालाच संपत राहते. म्हणून कोणता पदार्थ किती वाजता संपला, हे लिहायलाच हवं. टाकून दिलेल्या मालाचीही नोंद हवी. साबुदाणा चार दिवस जास्त पडून राहिला तर बिघडत नाही, दही आंबतं. त्यामुळे दह्याच्या बाबतीत कमी पडलं तर किती नुकसान आणि उरलं तर किती, हे मांडूनच ऑर्डर ठरवावी लागते. पेटपूजासारखं बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्येक बिलामागे कच्चा माल वजा करू शकतं, पण एका प्लेटला किती पोहे लागतात हे काट्यावर तोलून तुम्हीच सांगावं लागतं. हे सगळं तिने या दिवाळीपर्यंत तुमच्याच दुकानात करून बघावं. ऑर्डर परस्पर व्यापाऱ्याकडे जाऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर तयार व्हावा आणि तुम्ही नजर टाकून पाठवावा.

आता पदवीचं. कॉस्टिंग, जीएसटी, खेळतं भांडवल हे बी.कॉम.मधलेच विषय उद्या दुकानदाराशी बोलताना लागतील. शिवाय एकेका छोट्या दुकानाकडून मिळणारे पैसे थोडे असतात. सुरुवातीला क्लाउड किचन (फक्त घरपोच ऑर्डर घेणारं स्वयंपाकघर), वितरक किंवा खाद्यपदार्थांच्या मोठ्या कंपनीत साठा किंवा मागणीच्या नियोजनाची नोकरी धरावी लागेल, आणि तिथे अर्ज करताना पदवी बहुधा मागतातच.

शिकायला कॉलेज सोडावं लागतही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2022 पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी बी.कॉम.बरोबर करता येते. प्रवेशासाठी आधी त्यांची पात्रता फेरी पार करावी लागते. ते जड वाटलं तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. आधी एक्सेल आणि एसक्यूएल (साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची भाषा) पक्कं करावं, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा.

दीड लाख भरण्याआधी मुलीला घेऊन त्या संस्थेत जा. मागच्या तुकडीतल्या मुलांनी खऱ्या दुकानाच्या नोंदींवर केलेलं काम दाखवा म्हणावं, आणि त्यातल्या दोघांशी फोनवर बोलणं करून द्या म्हणावं. टाळाटाळ झाली तर पैसे भरू नका. त्यातल्या थोड्या पैशांत दुकानासाठी एक बरा लॅपटॉप आणि डिजिटल वजनकाटा घ्या, आणि महिनाभराच्या नोंदी झाल्या की मुलीलाच मला पत्र लिहायला सांगा.